विश्लेषण : केंद्र जरा सरकले तर काय होते? फोनची थरथर, पृथ्वीची कक्षा, इमारतीचा खांब आणि ‘चक्रम’ माणूस

‘एक्सेंट्रिक’ हा एकच शब्द गणितात आकड्याने मोजला जातो, खगोलशास्त्रात ग्रहाच्या वाटेला लागतो, अभियांत्रिकीत कधी कामाला येतो तर कधी धोक्याचा ठरतो आणि सोसायटीत शेजाऱ्याच्या नावामागे चिकटतो. या चारही अर्थांमागची कल्पना मात्र एकच आहे.

हा मजकूर तुम्ही ज्या फोनवर वाचत आहात, तो सायलेंटवर असतानाही टेबलावर थरथरतो. यासाठी अनेक फोनमध्ये शर्टाच्या बटणाएवढी किंवा त्याहूनही लहान मोटर असते. तिच्या दांड्यावर पूर्ण गोल चकतीऐवजी अर्धगोल वजन बसवलेले असते. वजनाचा मध्य आणि फिरण्याचा मध्य वेगवेगळे असल्याने मोटर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, तेव्हा फोनला हिसके बसतात. (काही नव्या फोनमध्ये मात्र गोल फिरणाऱ्या वजनाऐवजी पुढे-मागे हलणारे वजन असते.) वजन नेमके मध्यावर बसवले असते, तर फोन ढिम्म राहिला असता. केंद्रापासून या सरकण्यालाच मराठीत विमध्यता किंवा उत्केंद्रता म्हणतात.

‘एक्सेंट्रिक’ शब्दाचा मूळ अर्थ काय?

हा शब्द ग्रीकमधून आला. त्यातील ‘एक’ म्हणजे बाहेर आणि ‘केंत्रॉन’ म्हणजे टोकदार वस्तू, काटा, पराणी. कंपासचा एक पाय कागदात रुततो, त्या टोचलेल्या ठिकाणालाही ‘केंत्रॉन’ म्हणू लागले. आपला ‘केंद्र’ हा शब्दही याच ग्रीक शब्दावरून प्राचीन भारतीय ज्योतिषात आला, हे अभ्यासकांनी मान्य केलेले आहे. म्हणजे केंद्र आणि एक्सेंट्रिक एकाच घरातले.

सुरुवातीला या शब्दात वेडेपणाचा लवलेशही नव्हता. ज्या वर्तुळाच्या मध्यावर पृथ्वी नाही, ते वर्तुळ ‘एक्सेंट्रिक’ असा खगोलशास्त्रातील साधा अर्थ होता. माणसांना हे विशेषण लागले ते पुष्कळ नंतर.

भूमितीत ती मोजतात कशी?

घरी करून पाहा. पुठ्ठ्यावर १० सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या टोचा. त्यांच्यामध्ये २० सेंटिमीटरचा दोरा सैल बांधा, पेन्सिलीने तो ताणून धरा आणि पेन्सिल फिरवा. लंबवर्तुळ तयार होईल. टाचण्यांमधील अंतराला दोऱ्याच्या लांबीने भागा. १० भागिले २० म्हणजे ०.५. ही या लंबवर्तुळाची विमध्यता.

दोन्ही टाचण्या एकाच ठिकाणी आणल्या तर विमध्यता शून्य होते आणि आकृती वर्तुळ बनते. टाचण्या लांब नेल्या की आकडा १ कडे सरकतो आणि आकृती चपटी होत जाते. बरोबर १ झाल्यावर आकृती मिटतच नाही, तिचे एक टोक उघडे राहते. हा अन्वस्त. एकच्या पुढे गेल्यास अपास्त. वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त हे चौघे एकाच कुटुंबातले आहेत आणि त्यांच्यातील फरक या एका आकड्याचा आहे.

फोनच्या टॉर्चवर कागदाची नळी धरली, तरी हे कुटुंब भिंतीवर दिसते. टॉर्च सरळ धरली की उजेड गोल पडतो, तिरपी केली की लांबट होतो आणि आणखी तिरपी केली की त्याचे दुसरे टोक भिंतीवर सापडतच नाही. उपनगरांतील गॅलऱ्यांच्या ग्रिलवर लटकलेली डीटीएचची तबकडी हा अन्वस्ताचाच तुकडा असतो. तोही मधला नव्हे, बाजूने कापलेला. म्हणून सिग्नल पकडणारा भाग तबकडीच्या मध्यासमोर नसून खालच्या दांड्यावर असतो. तो मध्यावर ठेवला असता तर त्याचीच सावली तबकडीवर पडली असती.

पृथ्वीची कक्षा खरोखर लांबट आहे का?

शाळेच्या पुस्तकातील चित्रात पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी दिसते. ते चित्र समजण्यासाठी फुगवलेले असते. पृथ्वीच्या कक्षेची विमध्यता आहे ०.०१६७. दोऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर एक मीटर दोरा घ्या आणि टाचण्या १.६७ सेंटिमीटर अंतरावर टोचा. आकृती एक मीटर लांब होईल आणि रुंदीला ती लांबीपेक्षा जेमतेम ०.१४ मिलिमीटर कमी भरेल. एवढा फरक पेन्सिलीच्या रेषेतच लपून जातो.

थोडक्यात, पृथ्वीची वाट जवळजवळ वर्तुळच आहे. फक्त सूर्य तिच्या मध्यावर नाही. आपल्या एक मीटरच्या आकृतीत तो मध्यापासून सुमारे ८ मिलिमीटर सरकलेला आहे. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५.२१ कोटी किलोमीटरवर. म्हणजे थंडीत आपण सूर्याच्या जवळ असतो. ऋतू अंतरामुळे नव्हे, तर पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे होतात, याचा हा सोपा पुरावा.

मंगळाची विमध्यता ०.०९३ आहे. तोच एक मीटरचा दोरा मंगळासाठी वापरला, तर लांबी-रुंदीतला फरक ४ मिलिमीटरच्या थोडा पुढे जातो. हा फरक योहानेस केप्लर यांनी पकडला. त्यांचे वर्तुळाचे गणित टायको ब्राहे यांच्या निरीक्षणांशी ८ कलांनी जुळत नव्हते. एका अंशात ६० कला असतात, त्यातल्या ८. केप्लर यांनी निरीक्षण खरे मानले आणि वर्तुळ सोडले. १६०९ साली त्यांनी मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा प्रसिद्ध केली. हॅलेच्या धूमकेतूची विमध्यता ०.९६७ आहे आणि तो ७५-७६ वर्षांतून एकदा भेटीला येतो. जुलै २०२५ मध्ये सापडलेल्या ‘थ्री-आय अॅटलस’ची सहाच्या पुढे आहे. तो आपल्या सूर्यमालेत परत येणार नाही.

भास्कराचार्यांना हे ठाऊक होते का?

सूर्य वर्षभर सारख्या वेगाने पुढे सरकत नाही, हे भारतीय ज्योतिर्विदांना केप्लरच्या कितीतरी आधी ठाऊक होते. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथील मंदिरात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चंगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. हा लेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला.

भास्कराचार्यांच्या गणितात पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो. मात्र ज्या वर्तुळावर तो फिरतो, त्याचे केंद्र पृथ्वीवर नाही. या सरकलेल्या वर्तुळाला त्यांनी ‘प्रतिवृत्त’ म्हटले. ग्रीकांच्या ‘एक्सेंट्रिक’ वर्तुळाचे हे आपले नाव. सूर्य त्याच्या सरासरी जागेपासून जास्तीत जास्त किती पुढे-मागे दिसेल, याचे उत्तर त्यांच्या आकड्यांवरून सुमारे २ अंश १० कला येते. आजच्या मोजणीने ते १ अंश ५५ कला आहे. दुर्बीण नसताना आणि पृथ्वी मध्ये ठेवूनही उत्तर इतके जवळ आले, कारण कक्षा खरोखरच जवळजवळ गोल आहे. तिचा मुख्य गुण चपटेपणा नसून केंद्र सरकलेले असणे हा आहे. प्रतिवृत्ताने नेमके तेच पकडले होते.

याचा आपल्या दिनदर्शिकेशी काय संबंध?

सूर्याजवळ असताना पृथ्वी वेगाने धावते, दूर असताना रेंगाळते. त्यामुळे मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात आणि तिथून पुन्हा मार्चपर्यंत सुमारे १७९. वर्षाचे दोन ‘अर्धे’ भाग सात दिवसांनी असमान आहेत.

२२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने सलग ३१ दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन हे सहा महिने ३० दिवसांचे आहेत. जानेवारी-फेब्रुवारीसारखी उलटसुलट लांबी तिथे नाही, कारण ही मांडणी सूर्याच्या प्रत्यक्ष चालीवर बेतली आहे.

अधिक मासाचेही तेच. सूर्य मिथुन राशीत साडेएकतीस दिवसांहून थोडा अधिक काळ असतो, तर धनु राशीत साडेएकोणतीस दिवसांपेक्षाही कमी. चांद्रमास सुमारे २९.५३ दिवसांचा. सूर्य रेंगाळतो त्या काळात एका राशीच्या मुक्कामात एक अख्खा चांद्रमास बसू शकतो आणि तो अधिक ठरतो. म्हणून २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक. मार्गशीर्ष-पौषात सहसा अधिक मास येत नाही.

मुंबईकरांसाठी चंद्राची विमध्यताही महत्त्वाची आहे. ती ०.०५५ आहे. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ६३ हजार ते ४ लाख ५ हजार किलोमीटर या टप्प्यात जवळ-लांब होतो. भरतीला कारण होणारा ओढा अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे चंद्राचा जवळचा ओढा लांबच्यापेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी जास्त असतो. पौर्णिमा किंवा अमावास्या चंद्र जवळ असतानाच आली की भरती आणखी चढते. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस जाहीर करते, त्या तक्त्यामागे हे गणितही असते. अशा वेळी मुसळधार पाऊस झाला, तर नाल्यांचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही आणि सखल भाग तुंबतात.

यंत्रांमध्ये विमध्यता मुद्दाम का ठेवतात?

गोल फिरणे सरळ पुढे-मागे करायचे असेल, तर दांड्यावर चकती मध्य सोडून बसवायची. कारखान्यात या भागाचे नावच ‘एक्सेंट्रिक’. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली पहिली रेल्वे आजच्या घाटकोपर आणि मुलुंडच्या हद्दीतूनच गेली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांमध्ये सिलिंडरला वाफ केव्हा द्यायची, हे ठरवणाऱ्या झडपा अशाच चकत्यांनी हलत. पत्र्याला भोके पाडणाऱ्या पॉवर प्रेसमध्येही हेच तत्त्व चालते. उपनगरात पुनर्विकासाच्या जागी स्लॅब टाकताना ओल्या काँक्रीटमध्ये जी घरघरणारी नळी बुडवतात, त्या व्हायब्रेटरच्या आतही मध्य सोडलेले वजन फिरते. तिच्यामुळे काँक्रीटमधील हवा बाहेर पडते आणि ते घट्ट बसते.

हीच गोष्ट नकळत घडली, तर तिचा त्रास होतो. वॉशिंग मशीनमध्ये अर्धा किलो ओले कपडे मध्यापासून २० सेंटिमीटरवर एका बाजूला गोळा झाले आणि ड्रम मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरू लागला, तर ड्रमला सुमारे ११० किलो वजनाइतक्या जोराचा हिसका बसतो. तोही दर फेरीला दिशा बदलत. वेग दुप्पट केला, तर जोर चौपट होतो. म्हणून मशीन जागचे सरकते आणि चांगल्या मशीनचा सेन्सर फिरणे थांबवून कपडे पुन्हा पसरवतो. गाडीच्या टायरला व्हील बॅलन्सिंग करताना कडेवर लावतात ते छोटे वजन याच दुखण्यावरचे औषध आहे.

इमारतीच्या खांबात २० मिलिमीटर कशासाठी?

कागदावर खांबाचा भार नेमका मध्यातून खाली जातो. प्रत्यक्षात शटरिंग थोडे हलते, वरचा खांब खालच्यावर तंतोतंत बसत नाही, तुळईचा भार एका बाजूने जास्त येतो. म्हणून काँक्रीटच्या बांधकामासाठीचे ‘आयएस ४५६ : २०००’ हे मानक सांगते, की भार मध्यातूनच येणार असे गृहीत धरू नका. खांबाच्या आधाराविना उंचीचा पाचशेवा भाग अधिक त्याच्या रुंदीचा तिसावा भाग, एवढी विमध्यता धरा. उत्तर कितीही लहान आले, तरी २० मिलिमीटरपेक्षा कमी धरू नका.

२० मिलिमीटर म्हणजे अंगठ्याची रुंदी. मात्र खांबावर १०० टन भार असेल, तर एवढ्याशा सरकण्याने तो वाकवणारा जोर होतो २ टन-मीटर. खांबाला एक मीटर लांब हात फुटला आणि त्याच्या टोकाला दोन टनांची गाडी टांगली, असे समजा.

भूकंपात प्रश्न अख्ख्या इमारतीचा होतो. धक्क्याचा जोर इमारतीच्या वस्तुमानाच्या मध्यावर लागतो, तर तिचा प्रतिकार ताठपणाच्या मध्याभोवती असतो. हे दोन मध्य एकाच ठिकाणी असतील, तर इमारत सरळ हलते. वेगळे असतील, तर ती हलता हलता पिळवटते आणि कोपऱ्यातील खांबांवर सर्वाधिक ताण येतो. रस्त्याकडे शटर असलेली दुकाने आणि मागे भरीव भिंती, ही उपनगरांत जागोजागी दिसणारी रचना ताठपणाचा मध्य मागे खेचते. लिफ्ट आणि जिन्याच्या जाड भिंती एकाच कोपऱ्यात घेतल्या, तरी तेच होते.

यासाठी ‘आयएस १८९३’ मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नियम आहे. गणितातून आलेली विमध्यता दीडपट करा आणि वर इमारतीच्या रुंदीच्या ५ टक्के मिळवा. म्हणजे २० मीटर रुंदीची इमारत नकाशात कितीही सममित असली, तरी तिचा मध्य एक मीटर सरकलेला आहे असे धरूनच तिची रचना करावी लागते. अभियंता चूक होणारच नाही असे म्हणत नाही. किती चूक पचवायची, हे तो आधी ठरवतो.

ही पचवण्याची क्षमता मूळ आराखड्यासाठी असते. नंतर कोणी हॉल मोठा करण्यासाठी किंवा दुकान रुंद करण्यासाठी खांबाला हात लावला, तर भार वाट बदलतो आणि ज्या खांबांनी तो कधी पेलला नव्हता, त्यांच्यावर कडेने येतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागात चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला. पुनर्विकासाच्या बैठकीत चटईक्षेत्र आणि कॉर्पस फंडाइतकाच एक प्रश्न स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारायला हवा : इमारतीच्या वस्तुमानाचा आणि ताठपणाचा मध्य यांत किती अंतर आहे?

मग माणूस ‘विक्षिप्त’ कसा होतो?

मराठीत अशा माणसासाठी शब्दांचा तोटा नाही. तऱ्हेवाईक, छांदिष्ट, लहरी, वल्ली, नग, तिरपागडा. मुंबईकर तर थेट ‘सर्किट’ म्हणतो. ‘विक्षिप्त’ शब्दाचा मूळ अर्थ आहे बाजूला फेकलेला, विखुरलेला. जुन्या ज्योतिषात चंद्र किंवा ग्रह सूर्याच्या वाटेपासून जितका उत्तरेला वा दक्षिणेला सरकतो, त्या अंतराला ‘विक्षेप’ म्हणतात. धातू तोच. ज्योतिषी विक्षेप मोजत असे, त्यावरून ग्रहाला नावे ठेवत नसे.

काही मराठी माणसांनी हा शिक्का आनंदाने मिरवलाही. मुलुंडच्या डोंगरवेड्यांच्या संस्थेचे नावच ‘चक्रम हायकर्स’ आहे. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चारचौघांच्या मध्यापासून सरकलेली माणसे मराठी वाचकाला किती जवळची वाटतात, ते या पुस्तकाने दाखवले.

मात्र मिरवता येणे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. डहाणूत १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीत १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे शाळामास्तर होते. डॉक्टरेट नाही, विद्यापीठातील पद नाही, फक्त संख्यांचा नाद. त्यांच्या एका संख्याप्रकाराचे नाव ‘डेम्लो’ आहे, कारण मुलुंडच्या पुढे त्याच रेल्वेमार्गावर असलेल्या डोंबिवली स्थानकात त्यांना ती कल्पना सुचली आणि स्थानकाचे नाव तेव्हा तसे होते. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा १२३२१ या त्या संख्या. भारतातल्या बऱ्याच गणितज्ञांनी हे काम किरकोळ मानले. त्यांनी पुष्कळसे लेखन स्वतःच छापले.

१९४९ मध्ये त्यांनी ६१७४ हा आकडा मांडला. फोनमधील कॅल्क्युलेटर उघडा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि वजा करा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तसेच केले की ८३५२. पुन्हा केले की ६१७४. पुढे कितीही वेळा केले, तरी ६१७४ च. कोणत्याही संख्येला इथे पोहोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. तोवर त्यांची निवृत्ती होऊन १३ वर्षे झाली होती.

विक्षिप्तपणा आणि मानसिक आजार एकच का?

नाही. आणि ही केवळ सहानुभूतीची गोष्ट नाही, तो कायदा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम ३ नुसार समाजातील प्रचलित नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, कामाविषयीच्या किंवा राजकीय मूल्यांशी अथवा धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचे वागणे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजार असल्याचे ठरवता येत नाही. निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच व्हायला हवे. विचार, मनःस्थिती, आकलन किंवा स्मृतीतील असा मोठा बिघाड, ज्यामुळे निर्णयक्षमता, वास्तवाचे भान किंवा रोजचे जगणे गंभीरपणे कोलमडते, त्याला कायदा आजार म्हणतो.

हे वाक्य सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे. रात्री दोनला रेडिओ दुरुस्त करणारे काका, लग्न न करता चाळीस रोपे आणि सहा मांजरी सांभाळणाऱ्या मावशी, कुणाशी न बोलता रोज त्याच बाकावर बसणारा तरुण यांना ‘मेंटल’ म्हणणे सोपे असते. त्यांच्या वागण्याने इतरांना उपद्रव होत असेल, तर त्या उपद्रवाची तक्रार करता येते. मात्र माणूस चारचौघांसारखा नाही, ही तक्रार होऊ शकत नाही.

मग काळजी कधी करायची?

यंत्र आणि इमारतीला लावलेले दोन प्रश्न इथेही उपयोगी पडतात. पहिला, ही विमध्यता मूळचीच आहे की अचानक आली? फोनची मोटर पहिल्या दिवसापासून थरथरते, ते तिचे काम. वर्षानुवर्षे शांत चालणारे वॉशिंग मशीन एका सकाळी धडधडू लागले, तर आपण ते बंद करून झाकण उघडतो. आयुष्यभर तऱ्हेवाईक असलेला माणूस तऱ्हेवाईकच आहे. पण नेहमीच्या माणसाची झोप, जेवण, बोलणे, स्वच्छता, पैशांचे व्यवहार थोड्या काळात बदलले, तर ते ‘वय झालं’ किंवा ‘डोकं फिरलंय’ म्हणून सोडून देऊ नये. दुसरा प्रश्न, भार पेलला जातो आहे का? माणूस स्वतः त्रासात असेल, त्याला रोजचे जगणे झेपत नसेल किंवा स्वतःला अथवा इतरांना इजा होण्याची भीती असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

थोडक्यात

• विमध्यता म्हणजे दोन मध्यांमधील अंतर. ती शून्य असणे हा नियम नाही. पृथ्वीची ०.०१६७, मंगळाची ०.०९३, हॅलेच्या धूमकेतूची ०.९६७ आहे.

• मुद्दाम ठेवलेली विमध्यता काम करते. नकळत आलेली किंवा नंतर घुसवलेली विमध्यता तोडते.

• सोसायटीत खांब, तुळई किंवा तळमजल्याच्या भिंतीला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी सल्ला घ्या.

• माणूस वेगळा आहे म्हणून आजारी ठरत नाही. त्याच्यात अचानक झालेल्या बदलाकडे मात्र दुर्लक्ष करू नका.